मी न टोचलेला बैल

सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं. जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक कुरुंद्याजवळच्या एका गावात झाली. नेमणुकीचा कागद मी वर्षभर खिशात घेऊन फिरलो. कुणीतरी येईल आणि म्हणेल, चूक झाली बाबा, ऊठ खुर्चीवरून, असं रोज वाटायचं. कुणी 'डागदरसाहेब' म्हटलं की मी मागं वळून बघायचो. हसू नका, खरंच बघायचो.

मेलेली ढोरं ओढून सोलायचं काम आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हाच सोडलं. पण वडलांच्या हातातलं ज्ञान कुठं जाणार? उभ्या बैलावर बोट ठेवून ते सांगायचे, इथं पोट, इथं काळीज. कॉलेजात तेच विचारलं गेलं आणि मी वर्गात पुढं आलो. मला मात्र ते शिकणं वाटलंच नाही, घरून चोरून आणल्यासारखं वाटलं. खोलीतला सोबती 'सवलतीचा डॉक्टर' म्हणून चिडवायचा. मी त्याच्यावर कधी चिडलो नाही, कारण मला ते पटलं होतं.

थंडीतल्या एका सकाळी एक शेतकरी धापा टाकत दवाखान्यात आला. त्याच्या बैलानं दावं तोडून दंवानं भिजलेला हरभरा खाल्ला होता. मी गोठ्यात पोचलो तेव्हा बैलाची डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, नगाऱ्यासारखी ताणलेली, जीभ बाहेर. तेल पाजलं, फरक पडेना. आता उपाय एकच होता. नळी बसवलेली जाड सुई भकाळीत खुपसायची आणि कोंडलेला वायू सोडायचा. सुई पिशवीत होती. जागा मला डोळे मिटूनही सापडली असती.

पण भोवती दहा-बारा माणसं उभी होती. बैल माझ्या हाताखाली मेला तर म्हणतील, बघा, कुणाच्या पोराला डॉक्टर केलंय. मी सुई पिशवीतून काढलीच नाही.

"वसमतच्या मोठ्या डॉक्टरांना बोलवा," मी म्हणालो.

"काहून साहेब? तुमी हायेत की!" शेतकरी म्हणाला.

"त्यांनी बघितलेलं बरं."

त्याचा भाऊ सायकलवर सुटला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. मी बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिलो, काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. त्या हाताची आजही किळस येते. अर्ध्या तासात बैल खाली बसला, मग आडवा झाला.

मोठे डॉक्टर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "का टोचलं नाही?" मी पिशवीचं तोंड आवळलं.

शेतकऱ्यानं सगळ्यांदेखत हात जोडले. "साहेबांनी लई तकलीफ घेतली. मोठ्या डागदरलाबी बोलावलं. जोडी मोडली, माजंच नशीब."

खरं सांगायची वेळ तीच होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"फार उशीर झाला होता," मी म्हणालो.

गावानं मान डोलावली. तोवर मी खोटा डॉक्टर आहे असं मला नुसतं वाटत होतं.