हलक्या गाडीतून सांगलीला

साताऱ्याहून निघालो तेव्हाच मी बैठकीची कड घट्ट धरली होती. गाडीला दारं नव्हती. कडेचा पत्रा इतका खाली कापलेला, की हात सोडला तर रस्त्याला लागेल.

धाकटा भाऊ दिनकर लढाई संपल्यावर लष्कराच्या वर्कशॉपमधून परतला होता. विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून त्याने ही दोन माणसांची गाडी घेतली. मला सांगलीच्या मुलींच्या शाळेत मुलाखत द्यायची होती. त्याला गाडी पळवायची होती.

कऱ्हाडला चहाला थांबलो, तर भोवती माणसं जमली. दिनकरने चामड्याचा पट्टा सोडून बॉनेट उघडलं आणि तो खुलून बोलू लागला. आत लाकडाचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. बैठकीच्या पट्ट्यांनाही वजन कमी व्हावं म्हणून भोकं पाडलेली. विलायतेत डोंगरी रस्त्यांवर एकेक गाडी घड्याळ लावून चढवतात. अशा शर्यतींत हिने दुप्पट ताकदीच्या गाड्यांना मागे टाकलं होतं. बाजूला शर्यतीचा पुसट आकडा अजून दिसत होता.

"लय हलकी दिसतीया," एकजण पत्र्यावर टिचकी मारत म्हणाला.

"तीच तर हिची करामत," दिनकर म्हणाला.

पेठ गाव मागे पडलं. उसाच्या फडांमधून रस्ता खाली उतरला आणि पुढे फरशी (ओढ्यावरचा बुटका दगडी रस्ता) दिसली. तिच्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. बैलजोडी घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात आडवा केला.

"थांबा जरा. शिराळ्याच्या अंगाला पाऊस झालाय. पानी चढाय लागलंय."

"वीतभर तर आहे," दिनकर म्हणाला आणि त्याने गाडी घातली.

मध्यावर इंजिन बंद पडलं. पाणी थेट माझ्या मांडीवर आलं. मग गाडी हळूच, एखादं रिकामं घमेलं सरकावं तशी, बाजूला सरकू लागली. दिनकर स्टिअरिंग फिरवत होता, पण गाडी त्याचं ऐकत नव्हती. मागचं एक चाक फरशीच्या कडेवरून खाली घसरलं. मी उठून उडी मारायला निघाले.

"बाई, उटू नका!" म्हातारा ओरडला. "तुमी दोघं बसलाय म्हनून ती थांबलीया. हलकी झाली तर जाईल वाहून."

मी पुन्हा बसले. पाणी कमरेपर्यंत आलं. दिनकरकडे पाहिलं, त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून माझा उरलासुरला धीरही सुटला. मी त्याचं मनगट धरलं.

म्हाताऱ्याने हाक घातली. फडातून चौघं धावत आले. त्यांनी कासरा (बैलाचा दोर) पुढच्या आसाला बांधला, पाण्यात उतरून मागची बाजू खांद्यावर घेतली. बैलांनी ओढ दिली आणि गाडी काठाला लागली. मी दिनकरचं मनगट सोडलं.

"दुसरी मोटार असती तर आमाला उचलली नसती," म्हातारा दिनकरला म्हणाला. "पर दुसरी असती तर अशी सरकलीबी नसती. आता पानी बघून घालत जा, गड्या."

दिनकर बॉनेटचा पट्टा सोडू लागला.

इंजिन वाळवून आम्ही सांगलीला पोचलो. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत काय विचारलं, मी काय सांगितलं, काही आठवत नाही. नोकरी मात्र मिळाली.

परतताना ओढ्यात घोट्याएवढंच पाणी होतं. दिनकरने गाडी थांबवली, चपला काढल्या आणि पलीकडपर्यंत चालत जाऊन आला.

"ताई, बसतेस?"

मी नको म्हणाले आणि साडी सावरत पायी ओढा ओलांडला. मग तो एकटा गाडी घेऊन पाण्यात उतरला. मला वाटलं होतं, उतरले की भीती जाईल. पण काठावर उभी राहून त्याच्याकडे पाहताना ती वाढलीच: आता गाडीत तो एकटाच होता, आणि गाडी तेवढी हलकी. गाडी वर आली तेव्हा मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पुढच्या प्रत्येक ओढ्याला मी गाडीतच बसून राहिले.