नानांचा महिना
लिंबोणीच्या फुलांचा वास आला की आमच्या देवपूरच्या घराच्या गच्चीवरची ती संध्याकाळ आठवते. आमच्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या गटात मीच नियम केला होता: खेळताना चाल शोधायला संगणकाची मदत घेईल तो महिनाभर बाहेर. पहिलेच सापडले ते पाचोऱ्याचे सत्तरीतले नाना, सगळ्यांचे लाडके. समोर पांझरा नदीवर ऊन विरघळत होतं. मी भीतभीत फोन लावला. "नाना, या चाली तुमच्या वाटत नाहीत."  ते म्हणाले, "रोज हारस, म्हनीसन करं पोरी. नियम बठ्ठासले सारखाच शे. काढ माले." रोज हरतो म्हणून केलं, पण नियम सगळ्यांना सारखाच, असं तेच सांगत होते; मी डोळे पुसत त्यांचं नाव काढलं. महिन्याने ते परतले, पहिलाच डाव माझ्याशी हरले आणि फोनवर कितीतरी वेळ हसत राहिले. आता गटात नवं कुणी आलं की नियम नानाच सांगतात, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतात.