डाकवाल्या भाऊंचे नागपूर

पत्र हाती दिले की भाऊ ते आधी तळहातावर ठेवीत, हात दोनदा वरखाली करीत आणि पत्त्याकडे न पाहताच म्हणत, "रागाची चिठ्ठी आहे, बाबूजी."

मी म्हणे, "कायद्याची आहे."

"तेच तं म्हनून राहिलो जी. जड आहे." आणि पत्र खाकी पिशवीत जाई.

माझी बहुतेक पत्रे जडच असत. भंडाऱ्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून हयात घालवून मी नाकाडोंगरीला येऊन राहिलो, तेव्हा सत्तरचे दशक नुकतेच सुरू झाले होते. विहिरीला कठडा नाही, रेशनच्या दुकानावर भावफलक नाही, शाळेच्या छपरावर कवेलू नाहीत. अशा प्रत्येक 'नाही'साठी मी संबंधित कार्यालयाला पत्र लिहीत असे, त्यात कलम दाखवीत असे आणि स्थळप्रत जपून ठेवीत असे. गावाला हा माझा आजार वाटे. मला तो नागरिकाचा धर्म वाटे, आजही वाटतो.

ही पत्रे नेणारे भाऊ म्हणजे डाकेचे हरकारे. रेल्वे स्टेशनापासून आमच्या गावापर्यंतची तीन कोसांची जंगलवाट ते रोज धावत येत आणि धावत जात. वय पन्नाशीच्या घरात, अंग सागाच्या फळीसारखे, पाय अनवाणी. एकदा मी विचारले, "अहो, चालत का येत नाही? घाई कसली आहे?"

"चाललो का डोकं इचार करते जी. धावलो का पाहते."

या वाक्याचा अर्थ मला पुढे नागपुरात कळला.

एका उन्हाळ्यात खात्याचा कागद आला. यापुढे डाक एस.टी.ने येईल, हरकाऱ्याची जागा रद्द. भाऊ कागद घेऊन माझ्या ओसरीवर आले. खांद्यावर पिशवी नव्हती, म्हणून तो खांदा त्यांनी उगाच हाताने धरून ठेवला होता.

"आता मी कायचा, बाबूजी?"

माझा संताप मस्तकात गेला. एवढ्या वर्षांची सेवा एका ओळीत खोडायची? म्हणणे मांडण्याची संधी नाही, कारण दिलेले नाही! मी तत्क्षणी कागद ओढला. भाऊ म्हणाले, "राहू द्या ना जी." तो त्यांचा भिडस्तपणा, असे मी धरून चाललो आणि नागपूरच्या वरिष्ठ कार्यालयाकडे सात पानी अपील धाडले. जड होते. ते मात्र एस.टी.ने गेले.

पहिल्या तारखेला आम्ही दोघे नागपूरला गेलो. साहेब दौऱ्यावर होते, पुढची तारीख मिळाली. मी तिथल्या बाबूला याचे लेखी कारण मागत होतो. मागे वळून पाहतो तर बाक रिकामा. दोन तासांनी भाऊ आले, ते घामाने निथळत.

"कुठे गेला होतात?"

"नागपूर पाहून आलो."

"सगळे?"

"नाई जी. इतवारी अन् महाल. बाकीचं पुढच्या तारखेले."

परतीच्या गाडीत ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. इतवारीत मिरचीच्या ठसक्यावरून वळण घ्यायचे, कारण पाट्या वाचायला थांबले तर हमाल शिव्या देतात. महालात गल्ली इतकी अरुंद होते की समोरून बैल आला तर कोणाच्या तरी देवघरात शिरावे लागते. ते शिरले होते. त्या घरच्या बाईने आधी आरडाओरडा केला, मग "आलेच आहात तं पानी प्या" म्हणून गडवा पुढे केला.

वाचकहो, कामानिमित्त मी नागपूरला शेकडो वेळा गेलो असेन. माझे नागपूर म्हणजे न्यायालय, कोषागार आणि या दोहोंमधली चहाची टपरी. एवढ्या शहराला मी तीन जागांत बसवले होते, आणि या माणसाने ते दोन तासांत पायांना बांधून आणले.

दुसऱ्या तारखेला फाईल सापडत नव्हती. भाऊ मोमिनपुऱ्यात गेले. तिथे मागांचा खटखटाट घराघरांतून सारखा येत होता. "त्याच तालावर पाय पडते जी, दम लागतच नाई." तिथून जरीपटका. तिथे सिंधी बायकांनी खाटांवर पापड वाळत घातले होते आणि एकीने हाक मारून विचारले होते, "किधर आग लगी है, बाबा?" मग इंदोरा. तिथल्या विहाराच्या पायरीवर एक म्हातारी पत्र हातात घेऊन बसली होती, म्हणून परतायला उशीर झाला. मी विचारले, "पत्राचे काय?" ते म्हणाले, "काई नाई. पोराचं होतं." मी पुढे विचारले नाही. आज वाटते, विचारायला हवे होते.

खरे सांगायचे तर पुढची तारीख मिळाली की मला राग यायला हवा होता, पण मनात यायचे ते एवढेच, की आता भाऊ कुठे जातील? मी अपिलाच्या स्थळप्रतीच्या पाठीवर त्यांच्या सांगण्यावरून शहर रेखाटू लागलो. त्यात रस्त्यांना नावे नव्हती. 'इथे चढ', 'इथे जिलबी', 'इथे कुत्री बांधलेली', 'इथे सुटी' असे लिहिले होते.

तिसऱ्या खेपेस धरमपेठेत घोटाळा झाला. बंगल्यांची शांत वस्ती, आणि मधून एक अनवाणी माणूस धावतो आहे. चौकीदाराने पकडले, चार जण जमले. मला हे कळताच मी त्या वसाहतीवर नोटीस काढायला निघालो. भाऊंनी माझा हात धरला.

"त्याहिची चूक नाई बाबूजी. पिशवी राहिली का मानूस हरकारा, पिशवी नसली का चोर."

ते हसत म्हणाले, पण हात पुन्हा त्या रिकाम्या खांद्यावर गेला होता. या अपिलात पणाला काय लागले आहे, हे मला सात पानांत मांडता आले नव्हते.

अखेर चौथ्या तारखेला साहेब भेटले. मी उभा राहून मुद्दे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, फाईल उलटी केली आणि विचारले, "हे अपील आपण लिहिले?"

"होय."

"आणि हेही?"

त्यांनी वाचले: "सदर हरकारा नियत वेळेपेक्षा दररोज दीड-दोन तास विलंबाने येतो. तरी जबाबदारी निश्चित करून योग्य ती कारवाई व्हावी."

अक्षर माझे होते. कलमही मीच घातले होते. गावी आलो त्याच वर्षीचे पत्र. त्याची स्थळप्रत माझ्याच घरी, माझ्याच कपाटात होती. इतक्या तक्रारींत ती मी विसरून गेलो होतो. डाक एस.टी.ने आणण्याची कारवाई खात्याने केली होती, ती माझ्याच मागणीवरून.

साहेबांनी भाऊंना विचारले, "उशीर का होत होता?"

"रस्त्यात चार टोले पडते साहेब, जंगलातल्या वाड्या. चिठ्ठी घेऊन बाया बसून रायते, वाचनारं कोनी नाई. वाचून द्या लागे. एखादी रडली का लगेच उठता येत नाई."

"हे नियमात बसत नाही."

"नाई बसत जी."

जन्मभर नियमांवर बोट ठेवणाऱ्या माझ्याजवळ त्या क्षणी एकही कलम नव्हते. मी एवढेच म्हणालो, "साहेब, तक्रार खोटी नव्हती. पण ती लिहिण्यापूर्वी मी त्यांना कारण विचारले नाही. हे नोंदवून घ्यावे."

साहेबांनी ते खरेच नोंदवून घेतले. रद्द झालेली जागा परत मिळणार नव्हती. मात्र शहरात तारा वाटायला एक माणूस हवा होता.

"सायकल येते?"

"नाई जी. मोहल्ले येते."

साहेब हसले आणि म्हणाले, "इथून जरीपटका. सांगा." भाऊंनी डोळे मिटले आणि जिलबी, चढ, कुत्री, पापड अशी सगळी वाट सांगितली. एकही वळण चुकले नाही. साहेबांनी कागदावर सही केली.

बाहेर पायऱ्यांवर मी विचारले, "तुम्हाला हे ठाऊक होते?"

"चौकशीले साहेब आले होते, तवाच अक्षर पाह्यलं होतं. नेली तं मीच होती. लय जड होती ते."

"मग माझी पत्रे पुढेही कशी नेलीत?"

"डाकीत पडली का पोहचवा लागते जी."

"आणि माझ्यासोबत इथवर का आलात?"

भाऊंनी विचार केला. "तुमाले राग आला होता, मी थांबवला तं थांबला नसता. अन् मले नागपूर पाहाले भेटत होतं."

भाऊ रुजू झाले त्या दिवशी मी मुद्दाम नागपूरला गेलो. भाऊंनी नवी पिशवी खांद्यावर अडकवली, पहिली तार तळहातावर ठेवून वरखाली केली, "हलकी आहे, पोरगा झाला वाट्टे" म्हणाले आणि इतवारीच्या दिशेने धावत सुटले. गर्दी त्यांना वाट देत होती. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

त्या दिवशी मी त्यांची क्षमा मागायला गेलो होतो. ते राहून गेले. पुढेही दरवर्षी राहत गेले. तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत साऱ्यांना लिहिणाऱ्या माझ्या हातून ते एक पत्र ऐंशीचे दशक अर्धे सरल्यावर लिहून झाले. एकच पान, एकही कलम नाही. त्याची स्थळप्रतही मी ठेवली नाही.

तीन आठवड्यांनी ते पत्र एस.टी.च्या डाकेने परत आले. पाकिटावर लाल शाईत शेरा होता: 'घेणारा मयत'.

ते मी फोडलेले नाही. टेबलावरच असते. कधी कधी तळहातावर ठेवतो आणि हात दोनदा वरखाली करतो. जड की हलके, मला सांगता येत नाही.