लेझीमचा तास

नोट माझ्या पायापाशी पडली. दहाची. माझे दोन्ही हात गुंतलेले होते. उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात बारीक काडी, खांद्यावरून पट्ट्याने अडकवलेली हलगी. समोर आमच्या शाळेच्या मुली लेझीम खेळत होत्या. मी थांबले असते तर त्यांचे पाय चुकले असते.

नोट शाळा समितीच्या अध्यक्षांनी, अण्णांनी, टाकली होती. त्यांची नात सातवीत होती, लेझीमच्या पहिल्या रांगेत. ते खुर्चीवरून उठले, नातीच्या डोक्याभोवती नोट ओवाळली आणि माझ्याकडे भिरकावली. ओवाळून टाकलेले पैसे वाजवणाऱ्याचे. लग्नात, मिरवणुकीत आमच्याकडे हीच रीत आहे.

"उचल गं," हेडमास्तर म्हणाले. "अण्णांनी दिल्यात."

मी वाजवत राहिले.

मंडपाच्या कडेला गावातली माणसं उभी होती. त्यांतला एक जण म्हणाला, "हातानं न्हवं, तोंडानं उचल. तुझा बा उचलतोय तसं."

लोक हसले. इतर शाळांचे शिक्षक आले होते, तेही हसले. लेझीम खेळणाऱ्या मुलीही हसल्या, पाय न चुकवता.

माझे वडील, आप्पा, हलगी वाजवायचे. वरातीत नोट पडली की ते वाजवता वाजवता मागे वाकायचे, डोकं जमिनीला टेकेपर्यंत. नोट ओठात धरून वर यायचे. ताल तुटायचा नाही. कोगनोळीपासून निपाणीपर्यंत त्यांचं नाव होतं ते यासाठी.

त्या दिवशी आप्पा कुंपणाशी उभे होते. ते चपला काढून आत आले. नोट हाताने उचलली, कपाळाला लावली, अध्यक्षांपुढे वाकले आणि पाठ न दाखवता मागे सरकत बाहेर गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

माझ्या अंगावर शाळेचा गणवेश होता. मी पाचवीत होते.

हे कसं झालं ते क्रमाने सांगते.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, हमरस्त्यापासून आत. मराठी प्राथमिक शाळा, सातवीपर्यंत. आम्ही मातंग. आमची गल्ली ओढ्याच्या अंगाला. गणपती झाले की शाळेत कार्यक्रमांचे दिवस सुरू व्हायचे. वक्तृत्व, रांगोळी, समूहगीत, मातीकाम आणि लेझीम. आधी आसपासच्या शाळांची स्पर्धा, मग तालुक्याची. पी.टी. मास्तर वर्गावर्गात येऊन नावं घ्यायचे.

पाचवीत ते लेझीमची नावं घ्यायला आले तेव्हा मी हात वर केला.

"तू कशाला?" ते म्हणाले. "तू हलगी."

मला हलगी येते हे त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मला ती कुणी शिकवलेली नव्हती. आप्पांची हलगी शेकून द्यायचं काम माझं होतं. उसाचा पाला पेटवायचा, चामडं जाळावर फिरवायचं, ताणलं की नाही ते टिचकी मारून बघायचं. टिचकीचं टिपरू कधी झालं, ते कळलं नाही. आप्पांनी एकदा ऐकलं, तेव्हा म्हणाले, "पोरीनं वाजवू ने. पण हात बरा हाय."

स्पर्धेचा नियम होता की वाजवणारा शाळेतलाच विद्यार्थी हवा. आमच्या शाळेत हलगी येणारी मी एकटीच होते. पी.टी. मास्तर घरी आले. आप्पा लगेच हो म्हणाले. मुलीच्या हाताला शाळेने मान दिला असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. पहिले दोन दिवस मी खुशीत होते.

त्याच आठवड्यात पाचवीच्या वर्गात दुसरी एक गोष्ट सुरू झाली. निवासी शाळेची प्रवेश परीक्षा पाचवीत एकदाच देता येते. पास झालं की सहावीपासून तिथे राहून शिकायचं. जेवण, कपडे, पुस्तकं तिथलीच. त्या परीक्षेची तयारी आमच्या बाई घ्यायच्या. बाई लांबच्या, गुंजीकडच्या होत्या, अतिथी शिक्षिका. म्हणजे एका वर्षाच्या बोलीवर. पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही ते हेडमास्तर आणि समिती ठरवणार. दुपारचं जेवण झालं की त्या गणित घ्यायच्या, आकृत्या घ्यायच्या, शेवटच्या घंटेपर्यंत.

लेझीमचा सरावही दुपारच्या जेवणानंतर.

लेझीममध्ये शेवटी पाचवीची एकही मुलगी घेतली नव्हती. सहावी-सातवीच्या होत्या. त्यांना परीक्षा नव्हती. पाचवीतून सरावाला जाणारी मी एकटी. आणि मला इतरांच्या आधी निघावं लागायचं, कारण हलगी शेकायची असायची. स्वयंपाकखोलीच्या मागे मी पाला पेटवायची. धुराचा वास गणवेशात बसायचा. बाकावर शेजारी बसणारी मुलगी सरकून बसायची.

सराव संपवून परत यायची तेव्हा वर्ग सुटत आलेला असायचा. फळ्यावर जेवढं पुसायचं राहिलं असेल तेवढं मी उतरवून घ्यायची. अर्धं गणित. उत्तर असायचं, रीत नसायची. कधी रीत असायची आणि प्रश्न पुसलेला.

मी बाईंना विचारलं, सराव नको म्हणू का. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी कसं सांगू गं? मीच इथं पाहुणी."

मी पी.टी. मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तू वाजीव. परीक्षेचं बघू."

मी आप्पांना सांगितलं. त्यांनी विडी पेटवली, संपेपर्यंत ओढली. मग म्हणाले, "नवरात्र आलंय." बस, एवढंच. गावच्या देवळात नवरात्रभर हलगी आप्पांची. देवळाच्या पंचांतही अध्यक्ष होतेच. लग्नसराईत कुणाला बोलवायचं हेही तिथेच ठरायचं. माझ्या हातातलं टिपरू आप्पांच्या पोटाला बांधलेलं होतं. ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मग ती स्पर्धा झाली. आमच्याच शाळेच्या पटांगणात. लेझीमच्या मुलींना नऊवारी आणि फेटे मिळाले. मी गणवेशात. नोट पडली. आप्पांनी उचलली. आमचा संघ पहिला आला. मुलींना प्रमाणपत्रं दिली. फोटो काढताना पी.टी. मास्तर मला म्हणाले, "तू जरा बाजूला हो, हलगी मधी येत्या."

रात्री जेवताना मी आप्पांना म्हणाले, "तुम्ही कशाला उचलली?"

"वाजवणाऱ्याचंच असतंय ते. त्यात काय?"

"मी शाळेत हाय."

"मग? शाळेत काय हलगीची भाकरी व्हत्या व्हय?"

आई म्हणाली, "गप जेवा दोघंबी."

त्यांना जे कळत नव्हतं ते मला सांगता येत नव्हतं. आज येतं. लग्नात आप्पा वाजवायला गेलेले असतात. लोक त्यांना वाजवणारा म्हणून बोलावतात, ते वाजवणारा म्हणून जातात. मी शाळेत शिकायला गेले होते. माझं नाव हजेरीपटावर त्या नातीसारखंच होतं. शाळेने मला वर्गातून उचलून वरातीत उभं केलं, आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. मलाही नोट पडेपर्यंत वाटलं नव्हतं.

सोमवारी तालुक्याच्या स्पर्धेचा सराव सुरू झाला. दुपारी मी पाला पेटवायला गेले नाही. वर्गात बसले. पी.टी. मास्तर दोनदा शिट्टी वाजवून थकले, मग त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं. व्हरांड्यात काय बोलणं झालं ते खिडकीतून ऐकू आलं.

"लेकराला बसू द्या सर वर्गात," आप्पा म्हणत होते. "सरावाला मी वाजिवतो."

"सरावाला चालतंय. स्टेजवर पोरगीच पायजे."

"स्टेजवर ती वाजवील. माझा शबूद."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी माझे वडील शाळेच्या पटांगणात उभे राहून हलगी वाजवू लागले. त्यांच्या कामाचा अर्धा दिवस जायचा. कुणी काही द्यायचं नाही, ते मागायचे नाहीत. मी आत बसून अपूर्णांकांची बेरीज शिकत होते. छेद समान करायचे. बाहेर हलगी वाजायची. आप्पांच्या हाताचा प्रत्येक ठोका मला आधीच कळायचा. पाय हलायचा, तो मी दुसऱ्या पायाने दाबून धरायची. वर्गात बसायला मिळालं होतं. पण माझ्या जागी बाप उभा होता, आणि स्पर्धेच्या दिवशी त्याच्या शब्दाखातर मला परत तिथेच उभं राहायचं होतं. बाहेर पडायला वाट नव्हती.

तालुक्याच्या स्पर्धेच्या आदल्या दुपारी हलगी अचानक जलद झाली. लेझीमचा ताल नव्हता तो. वरातीतला होता. मी खिडकीतून पाहिलं.

मुली गोल करून उभ्या होत्या. मध्ये मातीत कुणाचा तरी रुमाल टाकलेला होता. अध्यक्षांची नात म्हणत होती, "करा की ओ मामा, एकदाच. तोंडानं उचला की."

पी.टी. मास्तर हसत होते. "दाखव की रं. पोरी एवढं म्हणत्यात."

आप्पा मागे वाकले. गुडघे दुमडले, पाठ वाकली, टोपी पडली, केस मातीला लागले. हात वाजवतच होते. रुमाल ओठात धरून ते वर आले. चेहरा लाल झाला होता. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आप्पा हसत होते. खरंच हसत होते. त्यांना कसब दाखवायला मिळालं होतं. मला राग त्यांचा आला नाही. ते हसत होते याचाच घाव बसला.

मी जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने पी.टी. मास्तर वर्गाच्या दारात आले.

"चल. आज तुझ्यासंगट एकदा करून बघू. उद्या सकाळी गाडी हाय."

"मी येणार न्हाय सर."

"बापानं शब्द दिलाय तुझ्या."

"आप्पांनी दिलाय. मी न्हाय दिला."

मास्तर आत आले. माझ्या बाकाजवळ उभे राहिले.

"एका मांगाच्या पोरीपायी सगळ्या शाळेचं नाक कापायचं व्हय? वाजवायचं नसलं तर वर्गाभाईर हो."

"भाईरबी जाणार न्हाय."

माझा आवाज चांगला निघाला नव्हता. बाकाची कड मी दोन्ही हातांनी धरली होती. त्यांनी ओढलं असतं तर मी बाकासकट गेले असते. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खडू उचलला. त्या फळ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "पुढचं गणित लिहून घ्या." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. मास्तर उभे होते तोवर मला एकही आकडा दिसला नाही. ते गेले तेव्हा दिसू लागला.

संघ तालुक्याला गेला. मोबाइलवर हलगी लावून मुली खेळल्या. नंबर आला नाही.

नवरात्रात देवळात शेजारच्या गावचे वाजवणारे आले. घटस्थापनेला आप्पा हलगी शेकून दारात बसून राहिले. बोलावणं आलं नाही. तिकडून ताल ऐकू येत होता. एकदा त्यांनी मान हलवली, वाजवणारा चुकला होता. माझ्याशी ते दसरा होईपर्यंत बोलले नाहीत. आईने तंबाखूच्या वखारीत जास्तीचं काम धरलं. रात्री ती खोकायची. मी कंदिलासारखा तो खोकला उशाशी ठेवून गणितं सोडवायची. माफी मागावी असं मला रोज वाटायचं. रोज सकाळी मी न मागता शाळेला जायची. दुपारी कुणी मला बोलवायला येत नव्हतं. वर्गातही माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

बाईंना पुढच्या वर्षी बोलावलं नाही.

परीक्षेचा निकाल उन्हाळ्यात लागला. माझं नाव नव्हतं. आप्पा आणि मी प्रगतिपुस्तक आणायला शाळेत गेलो. व्हरांड्यात पी.टी. मास्तर होते, दोन-तीन पालक होते. हेडमास्तर आप्पांना म्हणाले, "बघा. हलगीबी गेली, परीक्षाबी गेली. काय मिळालं?"

आप्पांनी मान खाली घातली. मी घातली नाही.

"नापास झाले सर," मी म्हणाले. "वर्गात बसून झाले."

"मग म्होरल्या साली काय करणार?"

"वर्गातच बसणार."

घरी येताना आप्पा पुढे चालत होते, मी मागे. मी त्या लोकांचा हिशेब मनात तपासत होते. त्यांच्या मते मी पास झाले असते तरच माझं बसणं बरोबर ठरलं असतं. अध्यक्षांची नात सातवीत असूनही गणितात माझ्याहून कच्ची होती. त्यासाठी तिला कधी कुणी बाकावरून उठवलं नव्हतं. हुशार असल्याशिवाय वर्गात बसता येत नाही, ही अट फक्त आमच्या गल्लीला होती. ती मला मान्य नव्हती. आजही नाही.

जूनमध्ये मी सहावीत गेले. गणपती झाल्यावर पी.टी. मास्तर पुन्हा नावं घ्यायला येणार, हे मला ठाऊक होतं. आप्पांना पुन्हा बोलावतील, देवळाचं आमिष दाखवतील, आई पुन्हा खोकेल, हेही ठाऊक होतं. मी ते सगळं आधीच गृहीत धरलं. काहीही झालं तरी दुपारच्या तासाला उठायचं नाही. पास होणार म्हणून नव्हे. बाक माझा होता म्हणून.