जुन्या नावाची पुडी

“आधी कुणाचं ते सांग, मग नाव सांग,” असं म्हणत ती चष्मा केसांवर सरकवायची, आणि आता समोरच्याचं काही खरं नाही हे आम्हाला कळायचं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशकात कॅनडा कॉर्नरजवळ आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. ती प्रोग्रामर, मी बिलं आणि फोन सांभाळणारी. ऑफिस सुटल्यावर ती एक बिनपगारी उद्योग करायची. लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली चालवणाऱ्यांसाठी जगभरातले लोक हौसेने प्रोग्राम बांधून देतात, त्याला पॅकेज म्हणतात. ती म्हणायची पुडी. पुडीवर नाव काय घालायचं याचेही नियम. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतली असेल तर आधी पायथन, मग तिचं स्वतःचं नाव. पर्लमधली असेल तर आधी पर्ल.

मी म्हटलं, “बाई गं, एवढं कशाला?”

“आमच्या नामपूरला ये एकदा. म्हाताऱ्या तुझं नाव विचारणारच नाहीत. ‘कोनी पोर शे तू?’ कुणाची मुलगी, ते आधी!”

नियमाला एक सूट होती. लोक जो प्रोग्राम थेट त्याच्या नावाने चालवतात, त्याला पुढे भाषेचं नाव लावायचं नाही. कुणाला सूट द्यायची आणि कुणाला नाही, यावरून ती परदेशातल्या लोकांशी ईमेलवर कडाकडा भांडायची. ऑफिसातल्या डब्यांवरही तिच्या चिठ्ठ्या असायच्या. चहा-साखर, कॉफी-साखर. साखर एकच, डबे दोन. साहेबांनी कॉफीची साखर चहात घातली की हिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तुमच्याही ऑफिसात असेल असं एखादं माणूस. नसेल तर तुमचं नुकसान आहे.

मी ऑफिसात अपर्णा. लग्नात सासरी ठेवलेलं, तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव. माहेरची मी सुनंदा. ऑफिसात ते कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

एकदा मी बँकेत गेले असताना फोन तिने घेतला. पलीकडे माझी आई, नांदगावहून. “सुनंदाला बोलवा.” ही म्हणाली, “इथे सुनंदा कोणी नाही, राँग नंबर,” आणि फोन ठेवला. आईने परत केला, हिने परत तेच सांगितलं. घाबरलेल्या आईला माझं सासरचं नाव त्या घटकेला आठवेना. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला होता. संध्याकाळी शेजाऱ्यांकडे निरोप आला. मी पोचले तेव्हा दादांची वाचा गेली होती. दुपारपर्यंत माझं नाव घेत होते, असं आई म्हणाली.

परत आल्यावर मी तिला हे सांगितलं. ती चष्मा काढून पुसायला लागली. मग म्हणाली, “मी तुला सुनंदाच म्हणणार. चालेल?”

“अगं, तुझी काय चूक त्यात?”

“आमच्याकडे पुडीचं नाव बदललं ना, तर जुन्या नावाची एक रिकामी पुडी मागे ठेवतात. कुणी जुन्या नावाने मागितलं तरी त्याला नवीन मिळते. राँग नंबर म्हणून परत पाठवत नाहीत कुणाला.”

“किती दिवस ठेवतात?”

“नियमाने लिनक्सच्या नव्या एक-दोन आवृत्त्या निघेपर्यंत. लोकांना नवं नाव पाठ झालं की काढून टाकायची. मी काढत नाही. बोलू देत त्यांना काय बोलायचं ते.”

आणि खरंच तिने एकही काढली नाही. दर आवृत्तीला कुणीतरी कळकळीने लिहायचं, की बाई, आता तरी आवरा. ही ढिम्म. इकडे मला भर ऑफिसात “सुनंदे, चहा!” अशी हाक. नवीन लोकांना वाटायचं, अपर्णा आणि सुनंदा अशा दोन बाया आहेत इथे. एका गिऱ्हाइकाने तर दिवाळीला दोघींसाठी मिठाईचे वेगवेगळे बॉक्स पाठवले. मी दोन्ही घरी नेले.

दादा गेले. काही वर्षांनी आई गेली. सुनंदा म्हणणारी ती एकटीच उरली. मग तिला डेंग्यू झाला आणि आठवडाभरात सगळं संपलं. माझा अजून विश्वास बसत नाही. एवढी भांडखोर बाई, आणि तापापुढे गप्प बसली?

तिच्या पुड्या परदेशातल्या कुणीतरी सांभाळायला घेतल्या. पुढच्या आवृत्तीत त्याने जुनी नावं सगळी काढून टाकली, असं ऑफिसातल्या एका प्रोग्रामरने सांगितलं. नियमाने बरोबरच होतं. ऑफिसात कुणाचं काही अडलं नाही. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन ढसाढसा रडले. मला ती हवी होती, तिची ती हाक हवी होती.

आमचे हे स्वभावाने भले. सगळं ऐकून म्हणाले, “एवढंच ना? मी म्हणत जाईन.”

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून आवाज येत होता, मी चिमटे लावत राहिले. शेवटी हे चहाचा कप घेऊन दारात आले.

“अगं, कधीची हाक मारतोय. सुनंदा, सुनंदा म्हणून.”

मला वाटलं होतं, शेजारच्या कुणाला तरी बोलावताहेत.