साखळीचे उजवे दात

गुणाजीशी माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस बोलायचा कमी आणि ऐकायचा त्याहून कमी. पण बोर्ली पंचतनच्या लाकडाच्या वखारीत माझी बैलगाडी ओंडके ओढायला असायची, त्यामुळे रोज सकाळी त्याचं तोंड बघणं नशिबी होतं. आता तो गेला, आणि त्याच्याविषयी चार शब्द लिहील असं माझ्याशिवाय कोणी उरलेलं दिसत नाही.

गुणाजी लाकूड कापणारा. त्याचा जोडीदार भागोजी. ओंडका उंच लाकडी घोड्यांवर चढवायचा, एकाने त्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली, आणि लांब करवत दोघांनी मिळून वरखाली ओढायची. गुणाजीची नजर रेघेवर पक्की, म्हणून तो वर. भागोजीच्या दंडात ताकद, म्हणून तो खाली. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडतो. तरुणपणी झालेली ही वाटणी पुढे कोणी बदलली नाही आणि बदलावी असं गुणाजीच्या डोक्यातही आलं नाही. भागोजीचे डोळे अधू होत गेले तेव्हा मात्र ते गुणाजीला फार लागलं. जेवताना भागोजीच्या भाकरीवरची मुंगी हा गुपचूप काढून टाकायचा, ते मी पाहिलंय.

करवतीला धार लावण्याचीही वाटणी होती. वरच्या मुठीकडचे अर्धे दात गुणाजीने घासायचे, खालचे अर्धे भागोजीने. एकाने दुसऱ्याच्या दातांना कानस लावायची नाही. लावली की जोडी मोडली, असं त्या धंद्यातले सगळे मानत. मला हा खुळचटपणा वाटे, पण मला विचारतो कोण.

बासष्ट साली वखारीचे मालक शिवदासशेठ यांनी मुंबईहून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आणली. दोरी ओढली की ती असा आरडाओरडा करी की माझे बैल पहिल्याच दिवशी गाडीसकट भाताच्या शेतात घुसले. ही करवत एकट्यानेच धरायची. झाड तोडायचं, तुकडे करायचे, आणि फळ्या काढायला ओंडके लॉरीत भरून दूरच्या लाकूड कापायच्या गिरणीत पाठवायचे. म्हणजे भागोजीचं कामच संपलं. गुणाजीने शेठना सांगितलं की मशीन नाजूक आहे, भुशाने तिचा श्वास कोंडतो, रोज तिची देखभाल करायला दुसरा माणूस हवाच. शेठनी नाक मुरडलं, पण हो म्हणाले.

मग रोज काम उरकलं की दोघं गोणपाटावर मशीन मधे घेऊन बसत. गुणाजी झाकण उघडून हवेची जाळी काढी, पेट्रोलमध्ये धुऊन झटकून वाळत घाली. प्लगवरची काजळी तारेच्या ब्रशने घासून काढी. पात्याच्या खाचेत भुसा आणि तेल मिळून जो चिकट लगदा साचे, तो भागोजी बांबूच्या सालीने उकरी. साखळी ओढून ती फार ढिली झालेली नाही ना, हे पाही. सगळ्यात शेवटी धार. साखळीचा एक दात डावीकडे तोंड करून, पुढचा उजवीकडे, असे ते बसवलेले असतात. मशीन शिकवायला मुंबईहून आलेल्या माणसाने सगळ्या दातांना सारखी धार लावा एवढंच सांगितलं होतं. यांनी त्याचीही वाटणी केली. डावे गुणाजीचे, उजवे भागोजीचे.

आणि तिथेच घोटाळा झाला. भागोजीला दात नीट दिसेनात. उजवे दात बोथट, डावे धारदार. ज्या बाजूला धार जास्त त्या बाजूला करवत ओढ घेते, तशी ती ओंडक्यात तिरकी शिरू लागली. एकदा किंजळाच्या ओंडक्यात पातं असं अडकलं की ते सोडवण्यात सगळी सकाळ गेली. शेठनी सर्वांदेखत सांगितलं, पुन्हा असं झालं तर भागोजीने घरी बसावं.

मी गुणाजीला बाजूला घेऊन म्हटलं, भागोजी घरी गेला की त्याचे दात तू घास, त्याला कळणारही नाही. मी त्याला चोरीच करायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

त्यानंतर मशीन सरळ चालू लागली. पण सावकाश. आधी जाडसर ढलप्या उडायच्या, आता पिठासारखा भुसा पडे, लाकडातून धूर निघे, आणि गुणाजी घामाने निथळत मशीनवर सगळा भार टाकी. शेठनी मशीन विकणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराला शिव्या घातल्या. मला मात्र कळलं. गुणाजी आपले डावे दात कानशीने मुद्दाम बोथट करत होता, भागोजीच्या दातांइतके. धारेसाठी ज्याच्याकडे लोक मुरुडहून करवती पाठवत, तो माणूस हे करत होता. मला त्याचा राग आला.

एका संध्याकाळी भागोजी अंगठ्याने चाचपत आपला दात शोधत होता. अंगठा चुकून शेजारच्या दातावर गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने पुढचे चार-पाच डावे दात चाचपले.

"ही तुझी धार?" त्याने विचारलं.

"सरळ चालतंय ना," गुणाजी खाली बघत म्हणाला.

"माझं डोलं गेलं, त्याला विलाज न्हाय. तुझा हात कशापायी घालवतोस?"

भागोजीने आपली कानस गुणाजीच्या मांडीवर ठेवली.

"घे. उजवं पन तूच घास."

गुणाजी किती तरी वेळ कानशीला हात लावेना. शेवटी भागोजीनेच साखळी एकेक दात पुढे ओढायला सुरुवात केली, तेव्हा त्याने घासायला घेतलं. भागोजी कान देऊन ऐकत होता. हा पुरे, त्याला आणखी एक हात दे, असं मधेच सांगत होता. सगळं झाल्यावर त्याने दोन्ही बाजू चाचपल्या, आता लागली म्हणाला, आणि काठी टेकत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मशीन ओंडक्यात सरसर शिरली, जाड ढलप्या माझ्या गाडीपर्यंत उडाल्या. शेठ खूश होऊन बाहेर आले आणि काय दुरुस्त केलं म्हणून विचारू लागले. गुणाजीने मशीन बंद केली. भागोजी आजपासून कामाला येणार नाही, असं त्याने सांगितलं. शेठच्या तोंडून जे ऐकावं लागू नये म्हणून त्याने इतका जीव आटवला, ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं. शेठ बरं म्हणाले आणि आत गेले.