डावा बूट

ती घटना आजही आठवते आणि हात आपोआप जोडले जातात.

तेव्हा मी चोपड्याकडच्या एका ठाण्यावर नवा फौजदार होतो. अंगात मस्ती भरपूर. आषाढात जंगल खात्याचा एक नाकेदार सातपुड्यात फेरीवर गेला तो परतलाच नाही. चौथ्या दिवशी एका दुकानदाराने खबर दिली, "साहेब, बाजारात एक भिल्ल सरकारी बूट घेऊन फिरतोय." लगेच उचलला. पंचनाम्यात लिहिलं, 'बूट जोडी एक, वापरलेली.' संशय खुनाचा.

दोन दिवस विचारपूस केली. त्याचं पालुपद एकच. "नाकेदार जिता शे, भाऊ. मना झोपडामा शे. पाय मोडी गया. त्यानीच बूट दिधात, साहेबले दाखाड सांगं." बूट दाखवायला गेलो तर जंगल कचेरीला कुलूप होतं, म्हणून बाजारात विचारत होतो, असंही तो म्हणाला.

"चोर तो चोर, वर शिरजोर!" मी ओरडलो आणि, सांगायला लाज वाटते, त्याच्या कानाखाली वाजवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमालाला सील लावायला बसलो, तेव्हा तो जोड पहिल्यांदा हातात घेतला. डावा बूट घोट्यापासून अंगठ्यापर्यंत सुरीने चिरलेला! चोर आपल्याच मालावर सुरी चालवील कशाला? पाय सुजून बूट निघेना, की मग तो चिरावा लागतो. मी त्या भिल्लाला कोठडीतून बाहेर काढलं आणि झोपडीची वाट दाखवायला सांगितलं.

तासाभरात आम्ही नदीकाठच्या पायवाटेला लागलो. नियमाप्रमाणे त्याच्या हातात बेडी होतीच. शेवाळावर आमचे पाय सटकत होते, तो मात्र अनवाणी पुढे. नदी ओलांडायच्या उताराशी तो थबकला आणि वाहत येणाऱ्या पाल्याकडे त्याने बोट दाखवलं. "पानीमा पाला येवाले लागना. पूर येस, थांबा."

"नखरे नकोत," म्हणत मी पाण्यात उतरलो. पाहता पाहता पाणी कमरेला आलं, पाय सुटले. बेडीतल्या दोन्ही हातांनी त्याने माझा पट्टा धरला आणि मला काठावर ओढलं. बेडी मी स्वतः काढली. पाणी ओसरल्यावर आम्ही नदी ओलांडली.

झोपडीत नाकेदार जिवंत होता. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, आणि त्या भिल्लाची बायको त्याला पेज पाजत होती. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय गेलाच असता. नाकेदाराने त्या भिल्लाला विचारलं, "बूट पाहून साहेब लगेच आले ना रे?"

मी मान खाली घातली.

"हा," भिल्ल म्हणाला, "लगेच उनात." लगेच आले, म्हणे!

पुढे प्रत्येक मुद्देमाल मी आधी हातात घेऊन पाहिला, मगच लिहिला. नोकरीत बक्षिसं मिळाली, बढती मिळाली. पण त्या 'लगेच'एवढं मला कोणी काही दिलं नाही.